नटावरची शेंदराची रेघ

मारुतीच्या देवळात मी आत जात नाही, दारातूनच हात जोडतो. सुनांना वाटतं, सासऱ्यांना पायऱ्या झेपत नाहीत. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण कारण ते नाही. मला शेंदराचा वास सोसत नाही. तेलात कालवलेला ओला शेंदूर नाकाशी आला की मला धुळ्यातलं एक पंपघर दिसतं आणि पुढचा तासभर कुणाशी धड बोलवत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला थोडं कळलं होतं, पण तिने जे विचारलं त्याला मी उत्तर दिलं नाही.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी अमळनेरचा. पुण्याला राहून यंत्रकामाचा डिप्लोमा घेतला आणि धुळ्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये नोकरीला लागलो. आमच्या आळीत डिप्लोमा घेणारा मी दुसरा होतो. पहिला कोण, हे मी कधी शोधायला गेलो नाही, आणि कुणी त्याचं नाव काढलंच तर माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. वय चोविशीचं, खिशाला पेन्सिल, हातात पाना, आणि डोक्यात असं की खानदेशातली सगळी यंत्रं आजवर माझीच वाट बघत उभी होती.

प्रेसचं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सरकी काढलेली रुई एका खोल लाकडी पेटीत भरायची. दोन माणसं आत उतरून ती पायांनी तुडवायची. मग खालून लोखंडाचा जाड खांब वर चढायचा आणि रुई दाबून तिची गाठ करायचा. त्या खांबाला पाणी वर ढकलायचं, आणि पाण्याला पंप ढकलायचा. गाठ दगडासारखी कठीण झाली की खांब थांबतो, पण पंपाला ते समजत नाही, तो आपला पाणी रेटतच राहतो. त्या पाण्याला कुठून तरी वाट द्यावी लागते. नाही दिली तर ते स्वतःची वाट काढतं, आणि ती कुठून निघेल हे कुणाला सांगता येत नाही.

आमच्या पंपावर ही वाट जुन्या पद्धतीची होती. एक झाकण, त्यावर तराजूसारखी आडवी दांडी आणि दांडीच्या टोकाला लोखंडाचं वजन. दाब हद्दीबाहेर गेला की झाकण वजनासकट उचललं जायचं आणि पाणी फुसकारत बाहेर यायचं. दर खांडेनवमीला त्या वजनाला शेंदूर फासत. वर्षानुवर्षं थर चढून ते वजन चांगलं गरगरीत झालं होतं, आणि सगळं जिन त्याला म्हसोबा म्हणायचं. पाणी सुटलं की पेटीवरची माणसं म्हणायची, म्हसोबा बोलला, आता पट्ट्या बांधा.

शेंदूर फासणारे ते आबा. सोनगीरचे. पंपावर त्यांना वीस वर्षं झाली होती. मूळचे शेतकरी, पण हंगामभर जिनातच राहायचे. पंपघराच्या कोपऱ्यात एक घोंगडी, एक तांब्या आणि शेंदराची पत्र्याची डबी एवढाच त्यांचा संसार. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पंपाच्या आवाजावरून मात्र ते पाठमोरे उभे राहून सांगायचे की चामड्याचा वायसर उद्या जाणार, आणि तो उद्याच जायचा. मला ते भाऊसाहेब म्हणायचे. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस भाऊसाहेब म्हणतो याचं मला काही वाटत नव्हतं, उलट ते मला शोभतं असंच वाटायचं.

म्हसोबाची एक खोड होती. इंजिनाच्या हादऱ्याने वजन नाचायचं, पाणी वेळीअवेळी उडायचं, जमिनीवर चिखल व्हायचा आणि जवळची रुई भिजायची. म्हणून आबा प्रत्येक गाठीला धावत जाऊन हाताने एक कॉक, म्हणजे तोटी, उघडायचे, पाणी टाकीत सोडायचे आणि पुन्हा बंद करायचे. मी ठरवलं की हे सगळं मोडीत काढायचं. दांडी नको, वजन नको. पितळेच्या बंद पोटात स्प्रिंग बसवायची, तिच्यावर नट ठेवायचा. नट जितका आवळाल तितका दाब झाकण धरून ठेवील. दाब जास्त झाला की झाकण आपोआप उघडेल आणि पाणी बगलेच्या नळीने गुपचूप टाकीत परत जाईल. थेंब सांडणार नाही आणि माणसाला धावावं लागणार नाही. मी मोठ्या कागदावर नकाशा काढला आणि मॅनेजरने तो कचेरीत भिंतीवर लावला. मी रोज काहीतरी निमित्त काढून कचेरीत जायचो आणि त्याच्याकडे बघून यायचो.

पितळ ओतायचं काम सोनगीरला द्यावं हे आबांनीच सुचवलं. तिथले तांबट घागरी-हंडे करतात, पण हात साफ. लाकडी साचा काखेत मारून आबा एसटीने गावाला गेले आणि चार दिवसांनी ओतीव पोट पोत्यात गुंडाळून घेऊन आले. आमच्या गल्लीतलं पितळ आहे, असं येईल त्याला सांगत होते. धुळ्यातच लेथवर कातून घेतलं, स्प्रिंग जळगावच्या एका दुकानातून आणली. दसऱ्याच्या आधी व्हॉल्व्ह चढला. पहिल्या चाचणीला पाणी एका थेंबाचा आवाज न करता टाकीत गेलं, तेव्हा आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची आठवण आजही नको वाटते.

पण दुसऱ्या दिवशी ते नटाकडे बघत उभे होते. म्हणाले, "भाऊसाहेब, वजन डोयाले दिखे. कोनी वर ईट ठेवी तरी बठ्ठा जिनले दिखे. हाई इस्प्रिंग पोटमा काय करस, ते कोनले समजी?"

वजनावर कुणी वीट ठेवली तरी साऱ्या जिनाला दिसायची, पोटातल्या स्प्रिंगचं तसं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, "समजायचंय कशाला? नट आहे तिथेच राहणार."

"मंग नटवर पितयनी टोपी बसाडा. टोपीले कुलूप लावा."

मी हसलो. "आणि किल्ली कोणाकडे राहील, आबा? माझ्याचकडे ना? मग कुलूप कशाला?"

"त्यानाकरताच तं सांगस, भाऊसाहेब," आबा म्हणाले.

तेही हसत होते, म्हणून मी ते थट्टेवारी नेलं. मनातून मात्र राग आला होता. नकाशात टोपी काढायची तर सगळा कागद पुन्हा काढावा लागला असता, हे एक. आणि अंगठेबहाद्दर माणूस माझ्या नकाशात चूक काढतो, हे दुसरं. दुसरंच खरं.

खांडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. जुना म्हसोबा तोवर कडुलिंबाखाली नेऊन ठेवला होता, त्यालाही फूल वाहिलं. मग आबा डबी घेऊन नव्या व्हॉल्व्हपाशी आले. मला वाटलं, आता याचाही म्हसोबा करणार. पण त्यांनी थर फासला नाही. करंगळीने एकच उभी बारीक रेघ ओढली, नटावरून सुरू करून खाली पितळेच्या पोटापर्यंत. अर्धी नटावर, अर्धी पोटावर. मी म्हणालो, "आबा, देवाला गंध लावलंत की काय?" ते म्हणाले, "तसंच समजा." ती रेघ वाळून घट्ट झाली.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जायची. साधारण पौषात मुंबईच्या व्यापाऱ्याची तक्रार आली की तुमच्या गाठी सैल आहेत, रेल्वेच्या वाघिणीत कमी बसतात. मॅनेजरने मला बोलावून भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं आणि म्हणाला, "जुन्या म्हसोबाच्या गाठी बऱ्या होत्या म्हणायच्या." हे वाक्य मी दोन दिवस चघळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा भाकरी खायला विहिरीपाशी गेले तेव्हा मी पाना घेतला आणि नट पाव फेरा आवळला.

गाठी घट्ट झाल्या. मॅनेजर खूष झाला. मला सांगायला हवं होतं की हा दाब नकाशातल्या दाबापेक्षा जास्त आहे, आणि पंपापासून व्हॉल्व्हपर्यंतची नळी जुनीच आहे. मी सांगितलं नाही. दाबाचं घड्याळ होतं, पण त्याचा काटा कधीचा वाकून एकाच जागी बसला होता, आणि ते दुरुस्तीला पाठवायचं मी पुढच्या हंगामावर टाकलं होतं. आठ दिवसांनी आणखी पाव फेरा दिला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल तर दुसऱ्याच्या शेतात शिरला होता.

त्या संध्याकाळी इंजिन थांबल्यावर आबा माझ्यापाशी आले. आवाज मुद्दाम बारीक ठेवला होता, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "रेघ सरकनी, भाऊसाहेब."

मी म्हणालो, "हादऱ्याने सरकली असेल."

"हादरानी नट ढिला व्हस. घट्ट व्हत नही."

मी आवाज चढवला. मी म्हणालो, "आबा, तुम्ही पंप बघा. व्हॉल्व्ह माझ्याकडे आहे." ते मान हलवून घोंगडीकडे गेले. त्यांनी मॅनेजरकडे जाऊन तक्रार केली असती तर निदान नट मागे गेला असता. पण आबा ते करणार नव्हते, आणि हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तसं बोलू शकलो.

पुढच्याच आठवड्यात, सकाळची चौथी का पाचवी गाठ चालू असताना, नळीचा जोड फुटला. मी इंजिनापाशी होतो. मोठा आवाज वगैरे झाला नाही. ताडकन काहीतरी तुटलं आणि पाण्याची धार भिंतीवर आदळली. जोडाचा बोल्ट तुटून उडाला होता. आबांना पंपाचा सूर बदललेला कळला असावा, कारण ते त्याच वेळी जोडाकडे वाकले होते. तो तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला. ते खाली बसले, दोन्ही हात तोंडावर, आणि पहिलं वाक्य बोलले ते, पट्टा काढा. कुणीतरी इंजिनावरून पंपाला येणारा पट्टा काढला. मग त्यांना टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

मी टांग्याबरोबर जायला हवं होतं. मी पंपघरात थांबलो. सगळे फाटकाकडे गेले होते. व्हॉल्व्हवर पाण्याचे शिंतोडे होते, पण शेंदूर तेलातला, तो धुतला गेला नव्हता. पोटावरची अर्धी रेघ जिथे होती तिथेच होती. नटावरची अर्धी रेघ अर्धा फेरा फिरून पार मागच्या बाजूला गेली होती. कुणीही बघितलं असतं तरी कळलं असतं, त्याला डिप्लोमा लागत नव्हता. मी नट अर्धा फेरा मागे फिरवला. रेघ तंतोतंत जुळली. आता बघणाऱ्याला वाटलं असतं की नट कधी हललाच नाही. तिथेच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण पान्याचे ओरखडे शेंदरावर उमटले होते, म्हणून मी चिंधी घासलेटात बुडवून सगळा शेंदूर पुसून काढला. नटाच्या आट्यांत शिरलेला निघाला नाही, तो नखाने खरवडला.

घरी जेवायला बसलो तेव्हा बायकोने माझ्या हाताकडे पाहिलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. म्हणाली, "नखं लाल कशानं झाली? कुठल्या देवाला गेला होतात?" मी ताटावरून उठलो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

दोन दिवसांनी कारखान्यांचे तपासनीस आले. त्यांनी व्हॉल्व्ह खोलायला लावला. आट्यांच्या खोबणीत शेंदराचे लाल कण राहिले होते. मॅनेजर लगेच म्हणाला, "साहेब, हे लोक ऐकत नाहीत. यंत्राला शेंदूर फासतात. तोच आत जाऊन झाकण अडकलं असणार." शेंदूर बाहेरच्या आट्यांत होता. झाकणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तपासनीसांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "तुमचं मत काय?"

मी म्हणालो, "शक्य आहे."

 चोर सोडून संन्याशाला फाशी हे लहानपणी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं, ते त्या दिवशी करून दाखवलं. कागदावर लिहिलं गेलं की पंपवाल्याने यंत्रावर शेंदूर लावल्यामुळे व्हॉल्व्ह अडकला. फाटकावर पाटी लागली, यंत्रांना हळद-कुंकू-शेंदूर लावण्यास मनाई आहे. आबांना कामावरून कमी केलं. वीस वर्षं पंप सांभाळलेल्या माणसाने आपल्याच हाताने पंप फोडला आणि आपलाच डोळा घालवला, असं सगळं जिन बोलू लागलं. म्हसोबाला हलवलं म्हणून त्याचा कोप झाला, असंही दोघे-तिघे म्हणाले. तेवढ्यापुरतं मला हायसं वाटलं, याची लाज अजून जात नाही.

महिन्याने आबा घोंगडी आणि तांब्या न्यायला आले. डोळ्यावर फडकं बांधलेलं होतं. आधी ते व्हॉल्व्हपाशी गेले. नटावरून अंगठा फिरवला, तो अंगठा नाकाशी नेला. घासलेटाचा वास धातूला महिनाभर राहत नाही. पण त्यांना काय कळायचं होतं ते कळलं. "चांगलं साफ करं, भाऊसाहेब," ते म्हणाले, म्हणजे चांगलं साफ केलंत. आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता. शेंदराची डबी ते कोपऱ्यातच ठेवून गेले.

पुढच्या हंगामाआधी मी नटावर पितळेची टोपी बसवली, तिला कुलूप लावलं, किल्ली मॅनेजरच्या तिजोरीत ठेवली. नकाशा नव्याने काढला. जळगावच्या एका जिनवाल्याने तो बघून तसाच व्हॉल्व्ह करून घेतला, मग पाचोऱ्याच्या एकाने. सगळे टोपीची तारीफ करायचे. ही युक्ती कुणाची असं कुणी विचारलं की मी हसायचो, आणि ते ती माझी समजायचे.

तीनेक वर्षांनी मी सोनगीरला गेलो. ठरवून गेलो होतो, एसटीत बसून वाक्य घोकत गेलो होतो. किल्ल्याच्या पायथ्याच्या बाजूला तांबटांची गल्ली, ठोक्यांचा आवाज, आणि गल्लीच्या टोकाला आबांचं घर. आबा ओट्यावर दोरी वळत होते. मला ओळखून उठले, बसायला घोंगडी टाकली. तीच घोंगडी. त्यांच्या बायकोने आतून पाणी आणलं. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. आत कोनाड्यात मारुतीचा लहान टाक दिसत होता, कोरडा, काळा पडलेला.

आबांनी माझी नजर पाहिली असावी. म्हणाले, "ती शेंदूर लावत नही देवले. तवापासून."

बाई दारातच उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेंदूर मी दिधा व्हता, साहेब. डबी घरथून मीच भरी देऊ दरसालले. मन्हा हातथीन त्यास्ना डोया गया."

मी आबांकडे बघितलं. एका डोळ्याने ते माझ्याकडेच बघत होते. "भाऊसाहेब, तुम्ही सांगा तिले," ते म्हणाले. "मन्हं तिले पटत नही. तुम्ही शिकेल शेतस."

याहून सोपी वाट कुणी कुणाला देत नाही. मी म्हणालो, "अक्का, शेंदराने काही झालं नाही."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "मंग कसामुये व्हयनं?"

घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "मशीन जुनं झालं होतं."

ती विचारात पडली. मग सावकाश म्हणाली, "नवंच तं व्हतं ना ते? आठेच वतेल. गल्लीमा पितय वतं तवा मीच नारय फोडा व्हता."

व्हॉल्व्हचं पितळ इथेच ओतलेलं तिने पाहिलं होतं. तिला खोटं पकडायचं नव्हतं. तिला फक्त खरंच कळत नव्हतं, आणि ती माझ्याकडून समजून घ्यायला उभी होती. मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. आबाच म्हणाले, "चहा उतू जाई, देख." ती आत गेली. आबांनी दोरी पुन्हा हातात घेतली आणि माझ्याकडे बघायचं सोडून दिलं.

मी चहा प्यालो. निघताना बाईने वाकून नमस्कार केला, साहेब इतके लांबून आले म्हणून. हमरस्त्यावर एसटीची वाट बघत तासभर उभा होतो. तिथून त्यांचं घर पाच मिनिटांवर होतं. नट मी आवळला, अक्का. एवढंच जाऊन सांगायचं होतं. मला स्वतःची किळस आली होती, तरी पाय हलला नाही. बस आली तेव्हा मी चढलो, आणि पुन्हा सोनगीरला कधी उतरलो नाही.